दप्तर, फोन आणि पोच : शाळेतल्या झडतीनंतर आम्ही काय काय केलं

जुलै २०२५ मध्ये शहापूरची बातमी आली आणि ओळखीतल्या बऱ्याच आयांचे मला फोन आले. ठाणे जिल्ह्यातल्या त्या शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी केली होती, आणि मुख्याध्यापिकेला पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याखाली अटक झाली होती. फोन करणाऱ्या प्रत्येकीचा प्रश्न एकच होता, आपल्या लेकीच्या बाबतीत असं काही झालं तर जायचं कुठे? मला विचारायचं कारण, माझ्या मुलीच्या शाळेतल्या एका झडतीवरून आम्ही जवळजवळ वर्षभर कागद चालवले होते. प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट बाजूला काढते. मुलीचे किंवा मुलाचे कपडे उतरवले असतील, अंगाला नको तिथे हात लावला असेल, तर शिक्षण कार्यालयात अर्ज करत बसू नका. सरळ पोलीस ठाणं, नाहीतर १०९८ ही चाइल्डलाइन. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा प्रकार ज्याला कळला त्याने तो कळवलाच पाहिजे, शाळेनेसुद्धा. आमच्या बाबतीत तसं काही झालं नव्हतं. आमचं होतं दप्तराचं आणि फोनचं, आणि अशा प्रकारांत नेमकं कुठे जायचं हे कुणालाच माहीत नसतं.

शुक्रवार, १२ जुलै २०२४. लेक नववीत, शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. वर्गातल्या एका मुलीचे स्वाध्यायपुस्तिकांसाठी आणलेले पाचशे रुपये मधल्या सुट्टीनंतर सापडेनात. वर्गशिक्षिका बाईंनी सगळ्यांना उभं केलं, खिसे बाहेर काढायला लावले आणि एकेकाचं दप्तर बाकावर पालथं केलं. माझ्या लेकीच्या दप्तरात आतल्या कप्प्यात एक निळी कापडी पाउच असते, आजीने शिवलेली. त्यात दोन पॅड आणि घडी करून ठेवलेली एक जास्तीची चड्डी. बाईंनी तिची चेन उघडून तीही बाकावर उपडी केली. मागच्या दोन रांगा मुलांच्या होत्या.

दप्तराच्या तळाशी बंद करून ठेवलेला फोन निघाला. शाळेत फोन आणायचा नाही असा नियम आहे. लेक शाळा सुटल्यावर तशीच एसटीने क्लासला जाते, घरी यायला साडेसात वाजतात, म्हणून तो जवळ असायचा. बाईंनी फोन काढून घेतला, याला आमची तेव्हाही हरकत नव्हती आणि आजही नाही. पण मग त्यांनी तो चालू करायला लावला, पॅटर्न विचारून घेतला, शिक्षक खोलीत नेला आणि व्हॉट्सॲप उघडलं. एका मैत्रिणीबरोबरचं बोलणं वाचलं, त्यातलं काही दुसऱ्या बाईंसमोर मोठ्याने वाचलं, आणि त्या चॅटचे फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. त्या मैत्रिणीने आपल्या घरातलं काहीतरी माझ्या मुलीला विश्वासाने सांगितलं होतं. काय ते मी इथेही लिहिणार नाही. ग्रुपवर फोटो गेल्याचं आम्हाला त्याच शाळेतल्या कुणीतरी रात्री फोन करून सांगितलं.

पाचशे रुपये शेवटपर्यंत सापडले नाहीत.

त्या रात्री लेक जेवली नाही. रडलीही नाही. "आई, तू शाळेत येऊ नकोस," एवढंच म्हणत राहिली. तिला आणखी विचारत बसण्याऐवजी मी वही पुढे ठेवली आणि म्हटलं, जे झालं ते तुझ्या शब्दांत लिहून ठेव, कुणाला दाखवायचं की नाही ते तूच ठरव. तिने दीड पान लिहिलं. किती वाजता, कुठला तास, कोण कोण समोर होतं, बाई नेमकं काय म्हणाल्या, खाली तारीख आणि सही. पाच महिन्यांनी सुनावणीच्या टेबलावर सगळ्यात उपयोगी पडलेला कागद हाच. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्याच दिवशी लिहून घ्या. आठवडाभराने मुलांना "बाई ओरडल्या" एवढंच आठवतं.

शनिवारी सकाळी मुख्याध्यापिका मॅडमना भेटले. त्या शांतपणे बोलल्या. फोन परत दिला, दोनशे रुपये दंड सांगितला. दंड भरला आणि पावती मागितली. पावतीबुकच नाही म्हणाल्या, मग साध्या कागदावर शाळेचा शिक्का मारून दिली. चॅट वाचण्याचा विषय काढल्यावर म्हणाल्या, "अहो, मुलांच्या भल्यासाठीच असतं ना हे. आजकाल फोनमध्ये काय काय निघतं, तुम्हाला माहीत नाही." मी एवढंच विचारलं, की शोध पाचशेच्या नोटेचा चालला होता, ती व्हॉट्सॲपमध्ये कशी सापडली असती? याला उत्तर आलं नाही. पुढच्या सगळ्या कागदांत आम्ही हाच एक मुद्दा धरून ठेवला.

घरी मात्र एकमत नव्हतं. यजमानांचं म्हणणं, पुढच्या वर्षी दहावी आहे, प्रत्येक विषयाचे अंतर्गत वीस गुण शाळेच्या हातात असतात, कशाला वैर घ्यायचं? ही भीती खोटी नाही. जवळजवळ प्रत्येक पालक याच वीस गुणांपाशी थांबतो. शेवटी लेकच म्हणाली, "माझं जाऊ दे, पण ग्रुपवरचे फोटो काढायला सांग. ते तिचं आहे." मग अर्ज करायचं ठरलं.

आमच्या गल्लीत एक वकीलताई राहतात. त्यांनी रविवारी तासभर बसून समजावलं आणि पैसे घेतले नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि हात घालणं त्या हेतूच्या प्रमाणातच हवं. पोलिसांनासुद्धा झडतीची बंधनं आहेत. बाईची झडती बाईनेच घ्यायची, तीही शालीनता राखून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायला सांगितलंय. मग वर्गात पन्नास मुलांसमोर दप्तर पालथं करणाऱ्याला काहीच बंधन नसेल का?

त्यांनी अमेरिकेतला एक खटलाही सांगितला. न्यू जर्सीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीची पर्स शाळेने उघडली होती, सिगारेटच्या संशयावरून. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये निकाल शाळेच्या बाजूने दिला, पण दोन प्रश्न घालून दिले : झडती सुरू करायला पुरेसं कारण होतं का, आणि ती त्या कारणापुरतीच राहिली का? २००९ मध्ये त्याच न्यायालयाने, वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून तेरा वर्षांच्या एका मुलीला अंतर्वस्त्रांपर्यंत तपासणं चुकीचं ठरवलं. हे निकाल आपल्याकडे लागू नाहीत, पण ते दोन प्रश्न मला फार कामाचे वाटले. पाचशे रुपये हरवले म्हणून दप्तर बघितलं इथपर्यंत एक वेळ समजून घेता येतं. पॅडची पाउच सगळ्यांसमोर उपडी करणं आणि चॅट वाचणं त्या कारणात कुठेच बसत नाही.

वकीलताईंनी एक गोष्ट मात्र बजावली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा. माझ्या मुलीला चौदा पूर्ण झाली होती. म्हणून अर्जात भर दिला तो बाल न्याय अधिनियम २०१५ वर, कारण तो अठरापर्यंत आहे आणि त्याच्या कलम ३ मध्ये मुलांच्या खासगीपणाचं आणि गोपनीयतेचं तत्त्व आहे. त्याच कायद्याचं कलम ७५ क्रौर्याबद्दलचं आहे, फौजदारी. ते लावायचं नाही असं आम्ही ठरवलं. आम्हाला बाईंना तुरुंगात पाठवायचं नव्हतं.

सोमवारी १५ जुलैला शाळेला लेखी पत्र दिलं. एक पान, तीनच मागण्या. ग्रुपवरचे आणि फोनवरचे फोटो काढून टाकल्याचं लेखी कळवावं. कोणत्या नियमाने फोन उघडला ते सांगावं. यापुढे झडती कशी घेणार ते ठरवावं. पत्राची दुसरी प्रत नेली होती, तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही घेतली. मी पतसंस्थेत आवक-जावक सांभाळते, त्यामुळे पोच नसलेल्या कागदाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. लिपिक "ठेवून जा ताई, देतो मॅडमना" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पत्रात मुलीचं नाव घातलं नाही, "इयत्ता नववीतील विद्यार्थिनी" एवढंच लिहिलं. मैत्रिणीच्या आईलाही विचारलं होतं. त्यांनी सही करायला नकार दिला, आमच्या नावाचा उल्लेखही नको म्हणाल्या. तो त्यांचा हक्क होता आणि आम्ही तो पाळला. त्या दिवसांत दोघी मुली वर्गात वेगवेगळ्या बाकांवर बसत होत्या. लेकीने ती निळी पाउच दप्तरात न्यायची बंद केली होती.

आषाढीची सुट्टी झाली, महिना संपत आला, उत्तर नाही. ३१ जुलैला जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे तक्रार अर्ज दिला, सोबत शाळेच्या पत्राची पोच, दंडाची पावती आणि मुलीच्या निवेदनाची झेरॉक्स. मूळ निवेदन घरीच ठेवलं. मुंबईत राहणाऱ्यांनी शिक्षण निरीक्षकांचं कार्यालय गाठायचं, तिथे माध्यमिकचं काम त्यांच्याकडे असतं. टपाल खिडकीवर आवक क्रमांक मिळतो, तो अर्जाच्या प्रतीवर लिहून घ्या. नंतर कुणीही विचारतं ते आवक क्रमांकच, नाव नाही.

त्याच दिवशी शाळेत माहिती अधिकाराचा अर्ज दिला. अनुदानित शाळेत जनमाहिती अधिकारी असतो आणि त्याचं नाव फलकावर लावलेलं असतं. विनाअनुदानित शाळा असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयामार्फत माहिती मागता येते. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच. "का केलं" असं विचारू नका, त्याला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं. कागदाच्या प्रती मागा. आम्ही मागितल्या त्या अशा : विद्यार्थ्यांची अंगझडती घेण्याची किंवा त्यांचा फोन उघडून पाहण्याची परवानगी देणारं परिपत्रक, शाळेची शिस्तविषयक नियमावली, आणि सखी सावित्री समितीची सदस्य यादी व इतिवृत्त. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची ही समिती प्रत्येक शाळेत असावी असा शासन निर्णय मार्च २०२२ मध्ये निघालेला आहे.

मग ऑगस्टमध्ये बदलापूर घडलं, शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण. रेल्वे रुळांवर उतरलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. राज्यभर शाळांच्या सुरक्षेबद्दल आदेश निघाले, समित्या आणि तक्रारपेट्यांचे अहवाल मागवले गेले, आणि त्याच धांदलीत आमच्या अर्जाची फाइल हलली. महिनाभर "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकत होते, त्या कार्यालयातून मलाच फोन आला. इतक्या लहान मुलींवर बेतलं तेव्हा कुठे आपल्या कागदाला गती मिळाली, हा विचार आजही मला नीट सहन होत नाही.

माहिती अधिकाराचं उत्तर तीस दिवसांत आलं नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी, ६ सप्टेंबरला, प्रथम अपील केलं. जोडपत्र 'ब', स्टँप वीस रुपयांचा. महिना उलटल्यावर उत्तर आलं. परिपत्रकाच्या मुद्द्यापुढे "सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" एवढी एक ओळ होती. नियमावली म्हणून दैनंदिनीतल्या सूचनांचं पान जोडलं होतं. त्यात फोन आणू नये असं होतं, उघडून वाचण्याबद्दल चकार शब्द नव्हता. समितीची यादी मिळाली, पण पालक प्रतिनिधी म्हणून ज्या बाईंचं नाव होतं त्यांना मी विचारलं तर त्या समितीत आहेत हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. "उपलब्ध नाही" वाचून निराश होऊ नका. शाळेकडे असा अधिकार देणारा कागदच नाही, हे त्यांच्याच सहीने हातात आलेलं असतं.

शिक्षणाधिकाऱ्यांकडच्या तक्रारीच्या सुनावणीची तारीख ऑक्टोबरची होती. विधानसभेची आचारसंहिता लागली, कर्मचारी निवडणुकीच्या कामावर गेले, दिवाळी आली, आणि ती डिसेंबरवर गेली. मधल्या काळात महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाला रजिस्टर्ड टपालाने अर्ज पाठवला. तिथे शुल्क नाही, साध्या मराठीत लिहिलं तरी चालतं. आयोग अहवाल मागवू शकतो, लोकांना बोलावू शकतो, शिफारस करू शकतो. शाळेला दंड ठोकेल अशी अपेक्षा धरून जाऊ नये.

मंगळवार, १० डिसेंबर. मॅडम, वर्गशिक्षिका बाई, संस्थेचे एक पदाधिकारी, आम्ही दोघं आणि शिक्षणाधिकारी साहेब. लेकीला नेलं नाही, तिच्या हजेरीचा आग्रह धरू नये असं अर्जातच लिहिलं होतं. बाई आधी बोलल्या. वर्गात पन्नासच्या वर मुलं, चोरी झाली की पालक आम्हालाच जाब विचारतात, मग आम्ही करायचं काय? बोलताना त्यांचा आवाज कापत होता. त्यांचं ते म्हणणं मला पटलं, आणि तसं मी तिथे म्हटलंही. चोरी झाल्यावर काय करायचं हे बाईंना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

मग साहेब मला म्हणाले, "ते चॅट एकदा दाखवा ताई, म्हणजे गांभीर्य कळेल." खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. फोन माझ्या पर्समध्येच होता. मी म्हटलं, "साहेब, ते दाखवलं तर माझी तक्रारच संपली. आत काय लिहिलंय यावर तक्रार नाहीच. चांगलं असो, वाईट असो, ते उघडण्याचं कारण नव्हतं, एवढंच म्हणणं आहे. आणि त्यातली दुसरी मुलगी इथे नाही, तिला विचारल्याशिवाय मला ते दाखवता येणार नाही." साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे," आणि मुलीचं निवेदन व माहिती अधिकाराचं उत्तर शेजारी शेजारी ठेवून मॅडमना विचारलं, की झडती कोणत्या परिपत्रकाने घेतली? तुमच्याकडेही हा प्रश्न येईल. बाजू भक्कम करायच्या भरात मुलांचं खासगी बोलणं फाइलला जोडू नका. फाइल किती जणांच्या हातांतून जाते हे आपल्या हातात नसतं.

जानेवारी २०२५ मध्ये लेखी आदेश आला. फोटो सर्वांच्या फोनमधून काढल्याचं हमीपत्र घ्यावं, झडतीबाबत शाळेने शिक्षक-पालक संघाशी बोलून लेखी नियम करावेत, सखी सावित्री समितीची बैठक घ्यावी. हमीपत्रं फेब्रुवारीत झाली. मॅडमनी लेकीला केबिनमध्ये बोलावून "झालं ते चुकलं" असं सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत, पण वर्षअखेरीला तिच्या तोंडी परीक्षेच्या गुणांत काहीही वेगळं दिसलं नाही, हे मुद्दाम नोंदवते. वीस गुणांची भीती आम्हाला वर्षभर होती.

नियम लिहिताना दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल कामी आला. तो २०२५ च्या सुरुवातीलाच लागला होता. शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी व्यवहार्य नाही, शक्य तिथे फोन शाळेत जमा करून घ्यावेत आणि धोरण ठरवताना पालकांशी बोलावं, असं त्यात म्हटलंय. त्यावरच्या बातमीची झेरॉक्स मी संघाच्या बैठकीत वाटली. एक वडील उठून म्हणाले, पोरांना कसली आलीय प्रायव्हसी? त्यांना दुसऱ्या एका आईने विचारलं, तुमच्या मुलीची पाउच उपडी केली असती तर चाललं असतं का? पुढे चर्चा लवकर आटोपली.

१६ जूनला शाळा उघडली तेव्हा नियम छापून दिले. फोन सकाळी कार्यालयात जमा करायचा. दप्तरात सापडला तर बंद अवस्थेत पाकिटात घालून, पाकिटावर विद्यार्थ्याची सही घेऊन, त्याच दिवशी पालकांना द्यायचा. कुणीही तो उघडायचा नाही. सरसकट वर्गाची झडती नाही. एखाद्यावर ठोस कारणाने संशय असेल तर वेगळ्या खोलीत, दोन शिक्षकांसमोर, मुलींच्या बाबतीत शिक्षिकांसमोरच, विद्यार्थ्याने स्वतः दप्तर उघडून दाखवायचं, आणि नोंदवहीत कारण लिहायचं. सगळा खर्च, म्हणजे स्टँप, झेरॉक्स, टपाल, जाणं-येणं धरून, हजाराच्या आत झाला. खरा खर्च अर्ध्या दिवसाच्या रजांचा.

लेक आता दहावीत आहे. मैत्रीण पुन्हा तिच्या बाकावर बसते. निळी पाउचही दप्तरात परत गेली आहे.

नियमावलीतलं चौथं कलम मात्र मला मान्य नाही. "अत्यंत गंभीर प्रसंगी मुख्याध्यापक योग्य तो निर्णय घेतील" असं त्यात मोघम लिहिलंय, आणि फोन उघडणंही त्यात बसवता येईल. तिथे "पालकांना बोलावून, त्यांच्या समक्ष, आणि गुन्ह्याचा संशय असल्यास पोलिसांमार्फतच" असे शब्द घालावेत, असं पत्र ११ ऑगस्टला दिलंय. पोच घेतली आहे. सप्टेंबरमध्ये शिक्षक-पालक संघाची बैठक आहे, तिथे तो विषय पत्रिकेवर घ्यायला लावला आहे.